तापितामायची अकरा झुडपं

बेटावरच्या पुफाउ गावात पत्ता सांगायचा तर झाडावरून सांगतात. प्रत्येक अंगणात ज्या मुलाची वार, म्हणजे बाळामागून नाळेसकट पडते ती, ज्या झाडाखाली पुरलेली असते, त्या मुलाचं नाव त्या झाडाला पडतं. "तेराइच्या नीरफणसाला वळसा घाल, तिथून तिसरं घर," असं सांगितलं की नवखा माणूससुद्धा चुकत नसे.

तेराइ हा तापितामायचा थोरला. तो जन्मला तेव्हा तिच्या सासूनं रस्त्याच्या कडेला कमरेएवढा खड्डा केला, त्याची वार त्यात ठेवली आणि वर नीरफणसाचं रोप लावलं. पोर आणि झाड बरोबरीनं वाढू लागली. थोड्याच वर्षांत झाड पुढं गेलं. "त्याला शाळेत जावं लागत नाही ना," असं तिचा नवरा माओनो म्हणायचा.

तेराइ सव्वीस वर्षांचा असताना रस्ता रुंद करायचं निघालं. चार माणसं करवत घेऊन आली आणि दुपारच्या जेवणापर्यंत काम संपवून गेली. भली माणसं होती, पडलेली फळं गोळा करून दारात रचून गेली. त्यानंतर सातव्या महिन्यात तेराइ मासे धरायला खडकांच्या रांगेबाहेर गेला. होडी सापडली. तो नाही सापडला.

"या दोन गोष्टींचा संबंध जोडू नकोस, तापिता," पाद्रीबाबा म्हणाले. "ते जुन्या लोकांचं होतं."

तिनं मान डोलावली. ती चर्चची सेविका होती. रविवारी पांढरा झगा आणि विणलेली टोपी घालून पुढच्या बाकावर बसणारी, आजाऱ्यांकडे जाऊन प्रार्थना करणारी. संबंध तिनं जोडला नाहीच. तो आपोआप जोडला गेला होता, आणि तोडायचा कसा ते पाद्रीबाबांनी सांगितलं नव्हतं.

माओनोचं सगळं आयुष्य तेमेहानीच्या पठारावर गेलं. त्याचा बाप आपेताहीची फुलं खाली आणून बोटीवरच्या पाहुण्यांना विकायचा. आपेताही म्हणजे पुरुषभर उंचीचं झुडूप, ठिसूळ फांद्यांचं. तोडली की पांढरा चीक येतो. फूलही पांढरं, पण पाचही पाकळ्या एकाच बाजूला, जणू अर्धं फूल कुणी आधीच नेलेलं. हे झुडूप या बेटावर, त्या एका पठारावर सोडून जगात कुठं येत नाही. खाली आणलं तर मरतं, शेजारच्या बेटावर नेलं तर मरतं. काचेच्या घरातही लावून बघितलं म्हणतात, तिथंही तेच.

माओनोच्या बापाचं म्हणणं असं, की अंगणातल्या तियारेच्या कळ्या रोज खुडल्या की तियारे दुप्पट फुलते, तेव्हा आपेताहीचंही तसंच असणार. त्यामुळं तो खुडत राहिला, आणि माओनोही खुडायला शिकला. तापिताच्या लग्नात तिच्या डोक्यावरचा मुकुट आख्खा आपेताहीचा होता. त्यासाठी माओनो दोनदा डोंगर चढला होता. तेव्हा बंदी नव्हती. गावातल्या बायका अजून त्या मुकुटाचं नाव काढतात, आणि नाव काढलं की तापितामाय दुसरीकडे बघते.

पुढं झुडपं नजरेत भरावं इतकी घटली आणि तोडायला बंदी आली. फुलांची राखण करायला माणूस हवा होता, तेव्हा वनखात्याच्या ऑफिसनं माओनोलाच घेतलं. "ज्यानं संपवली त्यालाच मोजायला बसवलं," तो स्वतःच म्हणायचा. तारेची कुंपणं घालणं, उंदरांचे सापळे लावणं, पेरूची रानटी रोपं उपटणं, हे त्यानं वीस-बावीस वर्षं केलं. त्यात एकदा, पश्चिमेच्या एका तुटक्या कड्याच्या पोटात, त्याला अकरा झुडपं सापडली. तिथं जायला एकच घळ होती. घळीच्या तोंडाशी त्यानं स्वतःच्या पदरची तार लावली. आणि ऑफिसला सांगितलं नाही.

"का नाही सांगत?" तिनं विचारलं होतं.

"सांगितलं की मोजायला येतील. मोजायला आले की पायवाट पडेल. पायवाट पडली की त्याच वाटेनं तोडणारे येतील. मला ठाऊक आहे ना, मी तोडणाराच आहे."

साखरेनं माओनोचा आधी एक पाय नेला, मग तो गेला. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत त्यानं तिला घळीची वाट तोंडपाठ करायला लावली, स्तोत्र पाठ करावं तशी. कुठल्या दगडाला उजवं घालायचं, कुठं हातानं धरायचं. ती चुकली की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून दर पंधरवड्याला, शनिवारी, तापितामाय कोयता आणि उंदरांच्या सापळ्यांसाठी खोबऱ्याचे तुकडे घेऊन वर जाऊ लागली. साठी उलटली होती. वर जायला तीन तास, उतरायला चार, कारण गुडघे उतारालाच बोलतात. गावाला वाटायचं ती नवऱ्याच्या आठवणीनं जाते. शेजारच्या मेरेआनाला मात्र तसं वाटत नसे.

"डोंगरात कोणी ठेवलाय का गं?" ती कुंपणावरून विचारायची. "नाही म्हणजे, असेल तर त्याला भाऊ आहे का ते विचार."

"आहे. दात नाहीत त्याला."

"चालेल. मलातरी कुठं आहेत."

तापितामायची धाकटी, वाइहेरे, पापेएते शहरात हॉटेलात कामाला होती. नवरा राइहाउ फ्रेंच फौजेत. दोनदा पोटातलं राहिलं नाही, आणि चौतिसाव्या वर्षी राहिलं तेव्हा ती बाळंतपणाला आईकडं आली. पाठोपाठ राइहाउची बदली फ्रान्सला झाल्याचं कळलं. बाळ दोन महिन्यांचं झालं की तिघं जाणार.

तापितामायनं ते बरेच दिवस मनात घोळवलं. मग एका सकाळी अळकुड्या सोलता सोलता म्हणाली, "पहिलं मला दे वाढवायला."

वाइहेरेनं कपडे घड्या करायचे थांबवले नाहीत. "आई."

"मला माझ्या आजीनं वाढवलं. तुझ्या बापाला त्याच्या मावशीनं. कोणाचं काय वाईट झालं? तुम्ही दोघं तिकडं नोकऱ्या करणार, पोर कोणाच्या तरी पाळण्यात. इथं मी आहे."

"तेव्हाचं वेगळं होतं. मी दोन घालवलीत आई. हे मी कोणालाच देणार नाही. तुलासुद्धा नाही."

"देणार नाहीस, पण परत आणशील तरी का?"

"सुट्टीला येऊ ना."

"सुट्टीला पाहुणे येतात," तापितामाय म्हणाली आणि सोललेल्या अळकुड्या पाण्यात टाकल्या.

मुलगी झाली. हेरेइती नाव ठेवलं. उतुरोआच्या दवाखान्यात नर्सनं न मागताच वार झाकणाच्या डब्यात घालून आजीच्या हातात दिली. तिथं सगळ्यांना माहीत असतं. तापितामायनं घरी येऊन डबा फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी मेरेआना बाळ बघायला आली, पाणी घ्यायला म्हणून फ्रीज उघडला, आणि झाकण लावून परत बाहेर आली.

"तापिता, मी आइस्क्रीम समजून उघडलं गं."

"मग, खाल्लंस?"

"देवाची कृपा, आधी वास घेतला." मग गंभीर होऊन म्हणाली, "कुठं पुरणार? मागच्या आवारात जागा आहे. लिंबाचं रोप माझ्याकडून घे."

 अंगणावर तापितामायचा विश्वास उरला नव्हता. पुढचं अंगण रस्त्यानं खाल्लं होतं, मागच्याची वाटणी दिरांच्या मुलांत व्हायची होती. आज लिंबू लावलं तर पाच वर्षांनी तिथं कोणाचं गॅरेज असेल ते सांगता येत नव्हतं. तिला असं झाड हवं होतं ज्याच्याजवळ करवत पोचणार नाही. आणि विचार करता करता तिला जे सुचलं, ते इतकं बरोबर वाटलं की तिनं तिथल्या तिथं हात जोडले. जे झुडूप दुसऱ्या कुठल्या मातीत जगतच नाही, त्याच्या मुळाशी पोरीची वार पुरली, तर पोरीला दुसरीकडे करमेलच कसं? आज ना उद्या तिला यावंच लागेल. आईनं नाही आणलं तरी तिची ती येईल.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. पाद्रीबाबांना तर नाहीच.

शनिवारी ती डबा कापडात गुंडाळून, पाठीला बांधून वर गेली. "लेकीला बाळंतपणात सोडून कुठं निघालीस?" असं मेरेआनानं विचारलं, तिला हातानंच गप्प केलं. घळीतली तार बाजूला करून आत गेली. अकरा झुडपांतलं मधलं, सगळ्यांत जुनं, तिनं निवडलं. त्याच्यावर त्या दिवशी चार फुलं होती.

खणायला लागली तेव्हा कळलं की माती हातभरच आहे. त्याखाली दगड. कोयत्याचं टोक खणखण वाजायला लागलं. सासूनं कमरेएवढा खड्डा का केला होता हे तिला माहीत होतं. तिनं सारं आयुष्य डुकरं पाळली होती. पण एवढं वर आल्यावर डबा परत खाली न्यायचा, हे तिच्या मनात येईना. मुळं तुटू नयेत म्हणून जपून, बोटांनी माती काढत, तिनं कोपरापर्यंतचा खड्डा केला. त्यात वार ठेवली, माती लोटली, वर सापडतील तितके दगड रचले. मग गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली.

"प्रभू, मी दगड ठेवलेत. राखण तू कर."

उतरताना गुडघे दुखले नाहीत. घरी येऊन तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि इतकी गात बसली की वाइहेरे हसली. "आज काय झालंय हिला?"

"काही नाही. तू आपली जा फ्रान्सला," तापितामाय म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा वर गेली. घळीच्या तोंडाशी आली तेव्हाच तिला जमीन दिसली, नांगरल्यासारखी. माओनोची तार गंजलेली होती, ती मधोमध वाकून आत पडली होती. त्या कड्यात डुकरं याआधी कधी फिरकली नव्हती, कारण तिथं त्यांच्यासाठी काही नव्हतंच. फुलांचं डुकराला काय. त्याला वास लागतो. वासानं ती आली, दगड उलथले, खड्डा उकरला, आणि मग मऊ माती तोंडाला लागली म्हणून सगळीकडेच उकरत सुटली. मधलं जुनं झुडूप मुळांसकट आडवं पडलं होतं. चीक वाळून काळा झाला होता. त्याच्यासकट अकरांतली नऊ तशीच. दोन कडेला उभी होती, एक कललेलं.

ती किती वेळ बसली तिला आठवत नाही. मग उठून तिनं आडवी झुडपं एकेक करून उभी केली, मुळांवर माती ओढली, दगडांनी टेकू दिले. दुपारपर्यंत तेच करत होती. एक उभं केलं की दुसरं पडायचं. शेवटी तीन लहान, ज्यांची मुळं जरा ओली वाटली, ती कापडात घालून खाली आणली आणि मागच्या आवारात डब्यांत लावली.

"हे काय आणलंस?" मेरेआनानं विचारलं.

"रोपं."

"कसली?"

"जगली की सांगीन."

आठवड्यात तिन्ही वाळली. ती वाळत असताना घरात बॅगा भरल्या जात होत्या. वाइहेरे म्हणाली, "आई, वार कुठल्या झाडाखाली पुरलीस ते दाखव ना, फोटो काढून नेते." तापितामाय म्हणाली, "झाड लावायचंय अजून. रोप आणायचंय." लेक म्हणाली, "मग लावलंस की पाठव." विमानतळावर तापितामायनं बाळाच्या टाळूचा वास घेतला. तिच्याकडून मुलगी काढून घेताना राइहाउला थोडा जोर लावावा लागला.

त्यानंतर सोमवारी ती ऑफिसात गेली. माओनोच्या जागेवर आता हेइमानु होता. तिशीतला, माओनोच्याच हाताखाली शिकलेला. तिनं पांढरा झगा घातलेला पाहून तो उठून उभा राहिला.

"मावशी, कोण गेलं?"

"बस. सांगते."

तिनं पहिल्यापासून सांगितलं. अकरा झुडपं, घळ, नवऱ्यानं लपवलेलं, वार, हातभर माती, डुकरं. काही गाळलं नाही. हेइमानु मधे एकदाच बोलला. "अकरा?" त्यानं विचारलं. "फुलायची सगळी?"

"सगळी. गेल्या साली बोंडंही धरली होती चारांवर."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. 

"वरच्या पठारावरची फुलतात, मावशी, पण बी धरत नाहीत. तीन वर्षं आम्ही एक बोंड शोधतोय. माओनोकाकांना माहीत होतं हे. मी त्यांच्यासमोर बसून रडलोय यासाठी."

तापितामायला हे माहीत नव्हतं. माओनोनं घरी सांगितलं नव्हतं. तिनं मांडीवरची टोपी उचलली, परत ठेवली.

"त्याला तोडणाऱ्यांची भीती होती," ती म्हणाली.

"हो. आम्हालाही होती."

दुसऱ्या दिवशी दोघं वर गेले. हेइमानुनं उरलेल्या दोन झुडपांना कापडी पट्ट्यांनी बांधलं, नवी तार लावली, आडव्या पडलेल्यांच्या फांद्या चिरून बघितल्या. आतून सगळ्या तपकिरी होत्या. बोंडं शोधायला तो पोटावर झोपून माती चाळत होता आणि ती शेजारी बसून चाळत होती. डुकरांनी तीही खाल्ली असणार. उतरायच्या आधी त्यानं वही काढली.

"काय लिहितोस?"

"रानडुकरं."

"माझं नाव लिही."

"लिहून काय होणार आहे?"

"तरी लिही. हे डुकरांनी नाही केलं, हेइमानु. मी बोलावलं त्यांना. देवाच्या नावानं बोलावलं."

"मावशी, माझ्या दोन्ही पोरांची वार माझ्या आईनं अशीच पुरलीय, परसात. हे मी कोणत्या रकान्यात लिहू? वरचा साहेब वाचेल आणि हसेल. तुमच्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर." त्यानं वही मिटली. "चला. ऊन चढतंय."

तिला कोणीतरी ओरडावं असं वाटत होतं. पाद्रीबाबांकडे गेली, त्यांनी तिचं सगळं ऐकलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देव क्षमा करणारा आहे असं सांगितलं. ते खरं आहे हे तिला माहीत होतं. आजाऱ्यांच्या उशाशी तिनंच ते शेकडो वेळा सांगितलं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते तिला आता कळलं. मेरेआनाला सांगितलं, तर ती बाई आयुष्यात पहिल्यांदा काही बोलली नाही. कुंपणावरून हात घालून तिचा दंड धरून उभी राहिली.

उरली वाइहेरे. तिला सांगायला तापितामायला चार महिने लागले. त्या दिवशी फोनच्या पडद्यावर हेरेइती दिसत होती, गुबगुबीत, अंगात लोकरीचं जाकीट. वाइहेरे तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलत होती.

"आई, झाडाचा फोटो कधी पाठवणार? लावलंस का नाही?"

तापितामायनं सांगितलं. वाइहेरे ऐकत होती, मधे मधे पोरीच्या तोंडातून काहीतरी काढत होती.

"डुकरांनी खाल्ली?"

"हो."

वाइहेरेनं पोरीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आई, तू किती मनाला लावून घेतेस. तिला बघ ना, दोन दात आलेत. तिला काय झालंय? इथं तर दवाखान्यात टाकूनच देतात. कोणाचं काही बिघडत नाही."

"तिला काही झालं नाही. तिला तिकडं करमतंय. तेच," तापितामाय म्हणाली.

"काय तेच?"

"काही नाही. जाकीट छान आहे."

"अगं, आणि ऐक, राइहाउला इथंच आणखी पाच वर्षं मिळतील बहुतेक. बरंच झालं. तिची शाळा एका जागी होईल." मग तिनं पोरीचा हात धरून हलवला. "आजीला टाटा कर. कर टाटा." पोरीनं हात सोडवून घेतला आणि पडद्याबाहेर कशाकडे तरी बघू लागली.

कललेलं झुडूप ऑगस्टमध्ये गेलं. दुसरं अजून उभं आहे. त्याला पानं येतात, फुलंही येतात. एका फुलाला बी धरायला दुसऱ्या झुडपाचं फूल लागतं, असं हेइमानु म्हणतो. तो पठारावरच्या फुलांचे पराग कागदात घालून घळीत नेतो, ब्रशनं लावतो, आणि खाली येऊन तापितामायच्या दारावरून जाताना ती विचारण्याआधीच नाही म्हणून मान हलवतो. ती आता वर जात नाही. गुडघे म्हणून नाही. जिथं आपण जाऊ नये अशी तिची एक जागा झाली आहे.

सेविकेचं काम तिनं सोडलं. कारण विचारलं तेव्हा मात्र गुडघेच सांगितले. रविवारी ती मागच्या बाकावर, मेरेआनाच्या शेजारी बसते. इतकी वर्षं बायकांच्या बाजूचं स्तोत्र तिच्याच आवाजानं उचललं जायचं. आता दुसरी कोणी उचलते, थोडं खालच्या सुरात. तापितामाय सगळ्यांबरोबर उभी राहते आणि तिचे ओठ हलतात. मेरेआना म्हणते, मी अगदी कान लावून ऐकलंय, आवाज येत नाही.